पावाचा तुकडा आणि चहाचा पेला

अपरिचित पदार्थाची चव घेण्यासाठी आज माणसे मुद्दाम उपाहारगृहात जातात. पदार्थ रुचला नाही, तर फार तर पैसे वाया जातात. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात मात्र परका घास घेणाऱ्याला जातीला मुकावे लागे. आणि तो घास काही दुर्मिळ पक्वान्नाचा नव्हे, साध्या पावाचा!

पाव हा शब्द आणि पदार्थ दोन्ही पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आले. पाव खाल्ला की माणूस बाटला, ही समजूत इतकी दृढ होती की, विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. म्हणूनच १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग प्रभृतींनी स्थापन केलेल्या परमहंस सभेने सभासदाची कसोटी पावावरच घेतली. ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा जो खाईल, त्यालाच सभेत प्रवेश मिळे. हे सर्व अर्थातच बंद दाराआड चाले. पुढे १८६० च्या सुमारास सभेचे कागदपत्र चोरीस गेले आणि नावे फुटण्याच्या भीतीने सभाच मोडली.

तीस वर्षांनंतरही स्थिती फारशी पालटली नव्हती. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. रानडे, टिळक, गोखले तेथे उपस्थित होते. गोपाळराव जोशी यांनी ही वार्ता वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली आणि गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली आणि १८९२ साली न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले.

वस्तुतः पाव किंवा चहा यांत अभक्ष्य असे काहीच नव्हते. आक्षेप होता तो देणाऱ्या हाताला. हा आक्षेप व्याख्यानांपेक्षा शहरी जीवनाच्या गरजेनेच अधिक बोथट केला. घरापासून दूर राहणाऱ्या गिरणी कामगाराला आणि कारकुनाला मुंबईत स्वस्त खाणे हवे होते. ते त्याला इराण्याकडे मिळाले. इराणातील यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या या जरथुष्ट्री लोकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या नाक्यानाक्यावर दुकाने थाटली. संगमरवरी टेबल, ब्रून-मस्का आणि दुधाळ चहा ही त्यांची ओळख ठरली. ज्या पावासाठी एकेकाळी दारे लावून घ्यावी लागत, तोच पाव लोक तेथे भर रस्त्यावर चहात बुडवून खाऊ लागले.

तथापि सर्वच उपाहारगृहे इतकी उदार नव्हती. अस्पृश्य मानलेल्यांसाठी अनेक ठिकाणी निराळ्या कपबश्या ठेवीत. कित्येक ठिकाणी आत पाऊलही टाकू देत नसत. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांत जाण्याचा समान हक्क प्रत्येक नागरिकाला दिला. १९५५ च्या कायद्याने अशी अडवणूक शिक्षेस पात्र ठरविली. तरीही निराळ्या पेल्याची रीत काही गावांतून त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिली.

नव्या पदार्थाची चव आज जो निर्धास्तपणे घेतो, त्याच्या निर्धास्तपणामागे हा सारा इतिहास आहे. समोर कोणते ताट आले, यापेक्षा त्या टेबलाशी कोणालाही बसता येते काय, हाच उपाहारगृहाच्या थोरवीचा खरा निकष होय.