मंडपातला भोंगा आणि गिटारची पेटी

व्हॉल्व्हवर (निर्वात काचनळीवर) चालणारा गिटारचा कॉम्बो अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारे मंडल आणि स्पीकर एकाच लाकडी पेटीत बसवलेले यंत्र. गिटारच्या पिकअपमधून निघणारा क्षीण विद्युत्‌संदेश आधी ईसीसी८३ सारख्या लहान व्हॉल्व्हमध्ये वाढतो, मग ईएल८४, ६व्ही६, ६एल६ किंवा ईएल३४ या मोठ्या व्हॉल्व्हमध्ये त्याला ताकद मिळते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून तो स्पीकरपर्यंत पोचतो. ही पेटी निवडण्याचा प्रश्न पुण्यात अगदी अलीकडचा आहे. त्याआधीची कित्येक दशके इथल्या वादकाला जे मिळेल त्यावर वाजवावे लागले, आणि जे मिळे ते मुळात भाषणासाठी बनलेले असे. इथल्या गिटारच्या आवाजाचा इतिहास या एका गोष्टीने बराचसा ठरवला.

अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये तीन टोकांचा व्हॉल्व्ह तयार केला, तेव्हा त्याच्या मनात गिटार नव्हती. रेडिओ, टेलिफोन आणि बोलपट यांनी व्हॉल्व्हला बाजार दिला, गिटार नंतर आली. जॉर्ज बोशँपच्या कल्पनेतून रिकनबॅकर कंपनीने १९३२ मध्ये विकायला काढलेली पहिली यशस्वी विद्युत गिटार हवाई पद्धतीची होती, मांडीवर आडवी ठेवून धातूच्या पट्टीने वाजवायची. सोबत तिचा छोटा अ‍ॅम्प्लिफायरही विकला जाई. पुढे १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्त करणारे लिओ फेंडर यांनी या पेटीला आजचे रूप दिले. ब्रिटनमध्ये डिक डेनी यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस व्हॉक्सचे एसी१५ आणि एसी३० घडवले. जिम मार्शल यांच्या लंडनमधील दुकानात १९६२ मध्ये फेंडरच्या बासमन या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा जवळजवळ तसाच उचलून पहिला मार्शल तयार झाला. या सगळ्या यंत्रांच्या कर्त्यांना आवाज स्वच्छच हवा होता. वादकांनी मात्र ती क्षमतेपलीकडे ताणून वाजवली. व्हॉल्व्हवर जादा भार पडला की आवाज एकदम तुटत नाही, हळूहळू भरड होत जातो आणि बोटाच्या दाबानुसार बदलतो. तो फाटलेला आवाजच पुढे रॉक संगीताची ओळख बनला.

पुण्यात व्हॉल्व्ह आला तो बोलण्यासाठी आणि गाण्यासाठी. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली, आणि बोलपटाच्या ध्वनिमुद्रणाबरोबर व्हॉल्व्हची यंत्रेही शहरात आली. त्याच दशकात मुंबईच्या शिकागो रेडिओ कंपनीचे नानिक मोटवाने काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवू लागले, आणि हजारोंच्या सभेत मागच्या रांगेपर्यंत वक्त्याचा आवाज जाऊ शकतो हे लोकांना कळले. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. दोनच वर्षांनी तिथून प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’ने घरोघरच्या रेडिओला देव्हाऱ्याइतका मान मिळवून दिला. गणेशोत्सवात मेळ्यांच्या जोडीला ध्वनिक्षेपक आले आणि मंडपाच्या खांबावर पत्र्याचा भोंगा चढला.

भोंग्यामागचा अ‍ॅम्प्लिफायर आणि गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर यांत व्हॉल्व्ह पुष्कळदा एकाच जातीचे असत, पण दोघांचे काम उलट. मंडपातल्या यंत्राने शब्द कळले पाहिजेत. म्हणून त्याचा आवाज शक्य तितका सपाट ठेवलेला असतो, तो फाटू लागला की माणूस धावत जाऊन बटण मागे फिरवतो, आणि भोंगा मुळातच खालचे व वरचे स्वर खातो. लांबलांबच्या खांबांवर भोंगे लावायचे म्हणून त्यात शंभर व्होल्टच्या लाइनची सोय असते. दूरवरच्या तारेत शक्ती वाया जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. अशा यंत्राला गिटार जोडली की तिचा खर्ज हरवतो आणि मधले स्वर बोचू लागतात. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कित्येक ऑर्केस्ट्रांची गिटार रसिकांनी अशीच ऐकली. ती पातळ वाटायची, यात दोष केवळ वादकाच्या हाताचा नव्हता.

चांगली पेटी का मिळत नव्हती, याचे कारण धोरणात होते. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन जपण्यासाठी आयातीवर परवाने आले. वाद्ये आणि करमणुकीची साधने त्या यादीत फार खाली होती. व्हॉल्व्ह मात्र देशातच होऊ लागले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने फिलिप्सच्या सहकार्याने १९६१ मध्ये रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले. ईएल८४ हा मूळ फिलिप्सचाच व्हॉल्व्ह. पेठेतल्या दिवाणखान्यातल्या रेडिओत तो होता आणि बीटल्सच्या मागे उभ्या असलेल्या व्हॉक्स एसी३० मध्येही त्याच जातीचे चार व्हॉल्व्ह होते. म्हणजे अडचण व्हॉल्व्हची नव्हती. आउटपुट ट्रान्सफॉर्मर, दमदार स्पीकर आणि गिटारला साजेसा आराखडा यांची होती. त्यातला स्पीकर सर्वांत अवघड, कारण भोंग्याचे युनिट आणि रेडिओतला लहान स्पीकर यांच्या मधली वस्तू बाजारात क्वचितच दिसे.

मग मार्ग निघाले. जुन्या रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी खोबण असे. तिथे गिटारची वायर खुपसली की रेडिओच अ‍ॅम्प्लिफायर होई. जगभरच्या गरीब वादकांनी हे केले आहे. त्यात धोकाही होता: ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी रेडिओची चेसिस थेट विजेच्या तारेला जोडलेली असे, आणि गिटारच्या धातूच्या तारांतून झटका बसू शके. मुंबईतल्या बीट बँडांनी साठच्या दशकात स्थानिक कारागिरांकडून पेट्या बनवून घेतल्या, कधी गिटारसुद्धा. पुण्यात अशा कामाचे सुटे भाग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या आसपास मिळत, तर मोडलेल्या रेडिओतले ट्रान्सफॉर्मर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात.

सिनेसंगीताने गिटारची चटक वाढवली. लखनौचे व्हॅन शिप्ले हवाई गिटारवर सिनेगीतांच्या धुना वाजवत आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका लग्नमंडपांत हमखास लागत. ‘तीसरी मंज़िल’ १९६६ मध्ये आला. पाच वर्षांनी ‘दम मारो दम’ची भूपिंदरसिंह यांनी वाजवलेली गिटार घराघरात पोचली. ती गाणी मंचावर वाजवण्याची मागणी पुण्याच्या मेलडी मेकर्ससारख्या वाद्यवृंदांकडे येऊ लागली. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उभे राहिले, ऑर्केस्ट्राला बंदिस्त आणि प्रतिष्ठित जागा मिळाली. मात्र स्टुडिओत जो आवाज नीट बसवलेल्या मायक्रोफोनपुढे काढलेला असे, तो मंचावर भाड्याच्या यंत्रातून काढायचा होता. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबमध्ये वाजवून गेले, तेही तिथे असलेल्या साहित्यावर. ती आठवण मुंबईकर अजून सांगतात.

पण महाराष्ट्रात विद्युत तंतुवाद्याचा खरा लोकप्रिय अवतार गिटार नव्हे, बेंजो आहे. गणपतीच्या मिरवणुकीत, वरातीत आणि जत्रेत वाजणारा हा बेंजो अमेरिकी वाद्याशी नाव सोडून काही नाते सांगत नाही. गोरो मोरिता यांनी जपानमध्ये नागोया इथे १९१२ मध्ये बनवलेला ताइशोगोतो भारतात येऊन बुलबुल तरंग झाला. एका हाताने टंकलेखनयंत्रासारख्या कळा दाबायच्या, दुसऱ्या हाताने पट्टीने तारा छेडायच्या. त्याला पिकअप लावून कर्ण्याशी जोडले की ढोल-ताशांच्या कल्लोळातही धून ऐकू येते. इथे भोंग्याचा दोषच गुण ठरला. खर्ज नसलेला, मध्यम स्वरांत टोचणारा, किंचित फाटलेला आवाज गर्दी चिरून जातो. फेंडरच्या पेटीतून हा बेंजो गोड वाटेल, पण तो चौकापलीकडे पोचणार नाही. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांनी या आवाजाला नाके मुरडली, आणि त्याच्यावर गंभीरपणे लिहिले गेलेले फारच थोडे आहे. रवी जाधव यांच्या २०१६ च्या ‘बॅन्जो’ चित्रपटाने निदान त्या वादकांकडे कॅमेरा वळवला.

बेंजो पार्टीला रस्त्यावर आणले ट्रान्झिस्टरने. व्हॉल्व्हला अडीचशे-तीनशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब लागतो. मोटारीच्या बॅटरीवरून तो मिळवायचा तर व्हायब्रेटर किंवा फिरते परिवर्तक जोडावे लागत, आणि काचेचे व्हॉल्व्ह हातगाडीच्या धक्क्यांनी निकामी होत. ट्रान्झिस्टरचे यंत्र बारा व्होल्टवर थेट चालते आणि तापायला वेळ घेत नाही. हळूहळू अहुजासारख्या कंपन्यांची ट्रान्झिस्टरची यंत्रे मंडपवाल्यांकडे आली आणि व्हॉल्व्हची जड खोकी भंगारात गेली. गिटारवाल्यांनाही ट्रान्झिस्टरचा फायदाच झाला. रोलंडचा जॅझ कोरस १२० हा १९७५ चा ट्रान्झिस्टर कॉम्बो पुढे भाड्याने मिळणाऱ्या साहित्यात इतका रुळला की अनेक वादकांचा कान त्याच्या लखलखीत, न फाटणाऱ्या आवाजावर तयार झाला. शिकाऊ मुलांच्या हाती नंतर स्ट्रेंजरसारखे स्वस्त देशी कॉम्बो आले.

व्हॉल्व्हची खरी गिटार-पेटी दुकानात उघडपणे दिसू लागली ती १९९१ च्या उदारीकरणानंतर, आणि १ एप्रिल २००१ ला आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उठल्यावर अधिक. डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात पहिला एनएच७ वीकेंडर झाला. मोठ्या मंचावर व्हॉल्व्हच्या पेट्या रांगेने ठेवलेल्या शहराने पाहिल्या. निवड नावाची गोष्ट इथून सुरू होते.

तोवर शहरही बदलले होते. दक्षिणेकडची बिबवेवाडी याचे उदाहरण. ती एके काळी शेतांमधले गाव होती. मार्केट यार्डाचा शेजार, कोंढव्याकडे जाणारा रस्ता आणि अप्पर इंदिरानगरची वस्ती यांनी तिला दाट उपनगर केले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या विश्वकर्मा तंत्रज्ञान संस्थेमुळे गिटार बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या इथे खोल्या घेऊन राहिल्या, आणि कार्यक्रमांसाठी अण्णाभाऊ साठे सभागृह जवळ आहे. पण सराव होतो सदनिकेत, सामाईक भिंतीच्या अलीकडे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांवरची बंदी पक्की केली. सणांसाठी मध्यरात्रीपर्यंतची सवलत आहे, ती मोजक्या दिवसांपुरती. गिटारच्या सरावाला ती लागू होत नाही.

इथे मंडपाचा जुना हिशोब आड येतो. वॅट जितके जास्त तितके यंत्र चांगले, हा समज भोंग्यांच्या दिवसांतला. गिटारचा बारा इंची स्पीकर एका वॅटला एका मीटरवर साधारण ९७ ते १०० डेसिबल आवाज देतो. शक्ती दुप्पट केली तर फक्त तीन डेसिबल वाढतात. आवाज कानाला दुप्पट वाटायला शक्ती दहापट करावी लागते. त्यामुळे १५ आणि ३० वॅटच्या पेट्यांत मोठेपणाचा फरक थोडा आणि किमतीचा, वजनाचा फरक पुष्कळ. व्हॉल्व्हचा भरड आवाज पेटी तिच्या क्षमतेजवळ गेल्यावरच मिळतो. पन्नास वॅटची पेटी सदनिकेत त्या बिंदूला कधीच पोचत नाही. ती कुजबुजतच वाजवावी लागते, आणि व्हॉल्व्हसाठी मोजलेले पैसे वाया जातात.

आवाजाच्या जातीचा विचार वॅटनंतर. ६व्ही६ मऊ आणि लवकर फाटणारा. ६एल६ खणखणीत, खर्ज घट्ट ठेवणारा. ईएल८४ वरच्या स्वरांत चमकतो, ईएल३४ मध्यम स्वर पुढे ढकलतो. फेंडर चॅम्पसारख्या पाच वॅटच्या यंत्रात एकच ६व्ही६ असतो, फेंडर डीलक्स रिव्हर्बमध्ये दोन आणि २२ वॅट. जुन्या सिनेगीतांची स्वच्छ गिटार वाजवणाऱ्याला फाटण्याआधी जागा हवी, म्हणून त्याला २० वॅटच्या आसपासचे यंत्र सोयीचे. रॉक वाजवणाऱ्याला उलट लहान पेटीच बरी. स्पीकरचा आकारही महत्त्वाचा: आठ इंची स्पीकरची पेटी कपाटात मावते, पण तिचा खर्ज खोक्यातून आल्यासारखा वाटतो.

विजेची बाजू इथे विशेष पाहावी लागते. अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेली पेटी १२० व्होल्टची असेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. थेट २३० व्होल्टला लावली तर ती पहिल्याच मिनिटाला जाते. दाब चढउतार होणाऱ्या इमारतीत स्टॅबिलायझर हवा. स्पीकरची तार काढून व्हॉल्व्हची पेटी चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आत हात घालणे तर अजिबात नको, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टपर्यंतचा साठा उरू शकतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह आता संग्राहकांच्या हाती आहेत. नवे व्हॉल्व्ह प्रामुख्याने स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात, आणि २०२२ च्या युक्रेन युद्धाने रशियन पुरवठा काही काळ अडखळला होता. दुरुस्त करणारा माणूस शहरात आहे का, हे खरेदीआधी पाहावे. व्हॉल्व्ह रेडिओवर हात बसलेली पिढी सरत चालली आहे.

बिबवेवाडीतल्या सदनिकेसाठी पाच ते पंधरा वॅटची, दहा किंवा बारा इंची एका स्पीकरची, मास्टर व्हॉल्यूम किंवा शक्ती कमी करण्याचे बटण असलेली २३० व्होल्टची पेटी पुरेशी आहे. सभागृहात तिच्यापुढे मायक्रोफोन ठेवला की उरलेले काम सभागृहाची यंत्रणा करते. त्याहून मोठी पेटी घ्यायची तर आधी मोकळी जागा शोधावी लागेल.