हलका ब्राउझर : काय सोडायचे, काय राखायचे?

शाळेच्या प्रयोगशाळेत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा संगणक हटकून सापडतो. एखादे उत्साही शिक्षक त्यावर लिनक्स बसवतात. यंत्र सुरू होते, त्यावर लेखन होते, गणिते होतात; पण वेबवरचे पान उघडले की ते अडून बसते. मग प्रश्न येतो : यावर हलका ब्राउझर कोणता चालेल? (ब्राउझर म्हणजे वेबवरचे पान आणून पडद्यावर मांडणारा प्रोग्राम.) पण त्याआधी दुसरा प्रश्न सोडवायला हवा : ब्राउझर हलका व्हावा म्हणून काय सोडून द्यायचे? वेबच्या इतिहासात या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत. ती क्रमाने पाहू.

आकडा टंका, पान पाहा

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर लिहिला. तो नेक्स्ट नावाच्या संगणकावर चाले. त्याची कार्यप्रणाली युनिक्सच्या घराण्यातली होती; खिडक्या होत्या, माऊस होता. पण असे संगणक मोजक्यांकडेच होते. इतरांच्या टेबलावर जे यंत्र असेल त्यावर पान दिसले नाही, तर वेबचा उपयोग काय?

ही अडचण सोडवली निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने. त्या प्रशिक्षणासाठी सर्नमध्ये आल्या होत्या. त्यांचा 'लाइन मोड' ब्राउझर १९९१ मध्ये उपलब्ध झाला. त्यात चित्रे नव्हती, माऊस नव्हता. एकाखाली एक ओळी उमटत. प्रत्येक दुव्यापुढे कंसात आकडा असे. तो टंकून एंटर दाबले की पुढचे पान हजर!

हे शक्य झाले ते वेबच्या मूळ रचनेमुळे. एचटीएमएल ही पानाची भाषा 'हे शीर्षक', 'हा परिच्छेद', 'हा दुवा' एवढेच सांगते. शीर्षक मोठ्या अक्षरांत दाखवायचे की नुसते ओळीच्या मध्यभागी छापायचे, हे ब्राउझरने आपल्या कुवतीप्रमाणे ठरवायचे. आपण मुद्दे सांगतो; वहीत ते कसे मांडायचे हे विद्यार्थी ठरवतो, तसेच हे.

लिंक्स आणि आपले टेलिफोन

१९९२ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात लू मॉन्टुली, मायकेल ग्रोब आणि चार्ल्स रेझॅक यांनी 'लिंक्स' हा ब्राउझर तयार केला. (नाव लिनक्सच्या जवळचे असले तरी दोन्ही गोष्टी वेगळ्या.) विद्यापीठाच्या आवारातील माहिती सर्वांना मिळावी हा मूळ हेतू. यातही केवळ मजकूरच, पण बाणांच्या कळांनी एका दुव्यावरून दुसऱ्यावर जाता येई. लिंक्स आजही वापरात आहे.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट खुले केले. विद्यार्थ्यांना परवडणारे खाते 'शेल' प्रकारचे असे. टेलिफोनवरून निगमच्या युनिक्स संगणकाशी जोडून घ्यायचे आणि तिथला लिंक्स चालवायचा. मी स्वतः वेब प्रथम पाहिले ते असेच, काळ्या पडद्यावरच्या अक्षरांत.

एक साधे गणित करून पाहा. मोडेमचा वेग सेकंदाला ९६०० बिट, आणि एका अक्षरामागे १० बिट लागतात असे धरू. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. पाच हजार अक्षरांचे पान सुमारे पाच सेकंदांत येईल. पन्नास हजार बाइटचे एकच चित्र मात्र बावन्न सेकंद घेईल. चित्रे सोडली म्हणूनच अनेकांना वेब मिळाले.

वजन कुठून आले?

१९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी युनिक्ससाठी 'मोझॅक' आणला. मजकुराच्या मधोमध चित्रे दिसू लागली आणि वेब घरोघरी पोचण्याची वाट मोकळी झाली. पण लिंक्स वापरणाऱ्यांचे काय? त्यासाठी चित्राच्या जागी वाचता येईल असा पर्यायी मजकूर देण्याची सोय एचटीएमएलमध्ये झाली. १९९७ च्या ४.० आवृत्तीत ती सक्तीची झाली. अंध वाचकांना तोच मजकूर ऐकवला जातो.

१९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. पान आता नुसते वाचायचे राहिले नाही. ते वाचकाच्या यंत्रावर प्रोग्राम चालवू लागले. चित्र नसले तर त्याचा मजकूर देता येतो. पण सगळे पानच प्रोग्रामने उभे केले असेल आणि ब्राउझर तो चालवत नसेल, तर पडदा कोराच राहतो.

या ओझ्याची एक बोलकी कहाणी आहे. लिनक्सवरील केडीई या मुक्त प्रकल्पात १९९८ च्या सुमारास केएचटीएमएल हे इंजिन आकाराला आले. २००३ मध्ये ॲपलने सफारी ब्राउझरसाठी ते निवडल्याचे सांगितले. कारण? ते लहान होते, १,४०,००० ओळींहून कमी. त्यातून वेबकिट झाले आणि वेबकिटपासून २०१३ मध्ये गूगलने ब्लिंक वेगळे काढले. आज क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियमच्या ओळी कोटीच्या वर आहेत. लहान म्हणून निवडलेल्या रोपाचा असा वटवृक्ष झाला.

यातून निवडीसाठी एक धडा मिळतो. 'हलके' म्हणवणारे कित्येक ब्राउझर आत वेबकिटच वापरतात. बाहेरचे कवच हलके, इंजिन तेच. इंजिनही लहान हवे असेल तर १९९९ मध्ये चिलीच्या होर्हे अरेयानो सिद यांनी सुरू केलेला डिलो किंवा २००२ मध्ये सुरू झालेला नेटसर्फ पाहावा. डिलो जावास्क्रिप्ट चालवतच नाही. जुनी यंत्रे आणि मंद जोडण्या असणाऱ्यांनाही माहिती मिळावी, हा त्याचा जाहीर हेतू. २०१५ नंतर अनेक वर्षे त्याची नवी आवृत्ती आली नाही. २०२४ मध्ये इतरांनी ते काम पुन्हा उभे केले.

वेलांटीचे काय?

मराठी शाळेसाठी आणखी एक कसोटी लागते. 'कि' लिहिताना युनिकोडमध्ये आधी 'क' आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते; पडद्यावर मात्र ती 'क'च्या डावीकडे काढावी लागते. जोडाक्षरे जुळवावी लागतात, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो. एका घरात एक अक्षर बसवणारी पुष्कळ टर्मिनले हे नीट करत नाहीत. रोमन लिपीला ही जुळणी लागत नाही. तिच्यापुरता विचार करणाऱ्याला ती अनावश्यक ओझे वाटेल. आपल्यासाठी मात्र त्यावाचून पान वाचताच येत नाही.

म्हणून ब्राउझर निवडताना त्यात आधी एखादे मराठी पान उघडावे आणि 'किल्ला', 'विद्यार्थी', 'पूर्वार्ध' हे शब्द नीट दिसतात का ते पाहावे. मग विद्यार्थ्यांना एक काम द्यावे : तेच पान मोठ्या ब्राउझरमध्ये आणि लिंक्समध्ये उघडा, काय नाहीसे झाले याची यादी करा, आणि त्यातले काय खरोखर हवे होते ते ठरवा. शाळेसाठी स्वतः पान तयार कराल तेव्हा ही यादी जवळ ठेवा. मजकूर साधा ठेवा, प्रत्येक चित्राला शब्दांत वर्णन द्या. कपाटातला तो जुना संगणकही ते पान उघडू शकेल.