पाण्याकाठचे जेवण

आपल्या वैतरणेचे नाव ऐकून परगावचा पाहुणा जरा दचकतो. पुराणातली वैतरणी यमलोकाच्या वाटेवरची! आपली नदी मात्र जिवंत माणसांची आहे. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात ती उगम पावते, १९५७ सालच्या मोडकसागर धरणातून मुंबईची तहान भागवते आणि उरलेले अंग घेऊन खाडीला मिळते. त्या खाडीच्या काठी, किंवा थोडे पुढे केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली, संध्याकाळी मुलाबाळांसह बसून तळलेला सरंगा, कोलंबीचे कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊन यावी, ही गोष्ट हल्ली कोणालाही नवलाची वाटत नाही. समोर भरतीचे पाणी, डोक्यावर वारा आणि ताट कोणीतरी आणून वाढते आहे. भगिनींनो, या शेवटच्या गोष्टीचाच इतिहास मला सांगावयाचा आहे. कारण पाणी नि वारा पूर्वीही होता. आयते ताट नव्हते.

पूर्वीच्या बायका बाहेर जेवत नसत असे नाही. कार्तिकात आवळीभोजन होई, नदीकाठी वनभोजने होत. पण त्यासाठी पातेली, पीठ, सरपण बांधून न्यायचे कोणी? तिथे तीन दगडांची चूल मांडून धुरात डोळे चोळायचे कोणी? पुरुषांची व मुलांची पंगत उठली की उरल्यासुरल्यात आपण बसायचे. माझ्या मते याला बाहेरचे जेवण म्हणणे जड जाते. ते घरचेच काम उघड्यावर नेलेले.

आपल्या भागातून आगगाडी धावू लागली ती १८६४ साली. त्या वर्षी नोव्हेंबरात बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचला. माणसे प्रवास करू लागली, तशी परक्या हातचे खाण्यापिण्याची वेळ आली आणि त्याबरोबर धर्मसंकटही आले. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित गृहस्थांनी चहा घेतला, त्यावरून केवढे ग्रामण्य माजले! टिळक व न्यायमूर्ती रानडे दोघेही त्यात गोवले गेले, आणि रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. हा प्रसंग रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. चहा पुरुषांनी घ्यावा आणि वाळीत पडल्यावर हळदीकुंकू, लेकीचे माहेरपण अडावे बायकांचे, असा हा न्याय. जातीचा जाच तर त्याहून कठोर. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार बसला. तेव्हा १९२० च्या सुमारास शाहू महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला.

मुंबईत इराण्यांच्या हॉटेलांनी आणखी एक दार उघडले. तिथे कोणीही यावे, पावमस्का खावा, चहा घ्यावा. बायकांसाठी मात्र ‘फॅमिली रूम’ असे. लाकडी आडोसा, लहानसे दार, आत एक टेबल. आज आपल्याला हसू येईल की खाण्यासाठी लपायचे कशाला? पण चाळीतल्या एका खोलीत दहा माणसांत राहणाऱ्या नव्या सुनेला नवऱ्याशी चार शब्द बोलायला तेवढाच आडोसा होता, हेही विसरू नये. फक्त एकटीने तिथे जाऊन बसण्याची रीत नव्हती.

मग २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अमलात आली. तिचे पंधरावे कलम प्रत्येकीने एकदा वाचावे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले, तसेच विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट, यांत जाण्यायेण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणास आडकाठी करता येणार नाही, असे त्यात आहे. पाणवठा आणि हॉटेल एकाच कलमात आले, कारण अडवणूक दोन्हीकडे एकाच जातीची होती.

कायद्याने दार उघडले तरी रात्री घरी पोचायला गाडी लागते. आपल्याकडे पूर्वी शटल नि पॅसेंजरच्या वेळा सांभाळाव्या लागत. १६ एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकल विरारपुढे डहाणूपर्यंत धावू लागली, आणि वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर या स्थानकांवरच्या बायकांची संध्याकाळ थोडी लांबली. मोठमोठ्या चळवळींच्या गोष्टीत वेळापत्रकाला कोणी जागा देत नाही. मला ती द्यावीशी वाटते.

आता त्या ताटामागच्या बाईविषयी. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या शेकडो बायका होत्या. त्या सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. जन्मभर फुकट केलेल्या स्वयंपाकाला बँकेने धंदा म्हटले, ही लहान गोष्ट नव्हे. केळव्याला ‘घरगुती जेवण’ अशी पाटी दिसते, तिथेही चुलीशी बहुधा घरची बाईच असते. जेवण आवडले तर गल्ल्यावरच्या गृहस्थांना सांगून निघू नये. आत डोकावून तिलाच सांगावे.

जाणाऱ्यांसाठी एवढे सांगते. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत कोणी ताजे पापलेट म्हणाला तर ते बर्फातले समजावे आणि खाडीतल्या चिंबोऱ्या किंवा निवट्या आहेत का, ते विचारावे. शाकाहारी मैत्रिणींनी थंडीत जावे. वालपापडी, कोनफळ, रताळी घालून केलेली वाडवळांची उकडहंडी तेव्हाच मिळते. पण तिला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते.