कर्णनाद आणि कृष्णाकांठचें वैद्यक

भोंवतीं निःशब्द असतां कानांत शंख किंवा मृदंग वाजूं लागावा, या व्याधीस प्राचीनांनीं कर्णनाद म्हटलें. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत २८ कर्णरोगांत त्याची गणना आहे. शब्दवाहिन्यांत शिरलेला वात हें त्याचें कारण. म्हणून कर्णशूल, नाद, क्ष्वेड व बाधिर्य या चौघांची चिकित्सा एकच, मुख्यतः तेलाची. गोमूत्रांत वाटलेलें बेलफळ, दूध व पाणी घालून कढविलेलें बिल्वतैल खरें बहिरेपणाचें. तें वैद्य नादावरही योजीत.

कृष्णेच्या खोऱ्यांत या विद्येची गांठ पाश्चात्य वैद्यकाशीं पडली. हल्लीं सांगली जिल्ह्यांत असलेल्या मिरजेस मिशनचे डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय काढलें, साताऱ्यास डॉ. आगाशे यांनीं १९१६ सालीं आर्यांग्ल वैद्यक विद्यालय स्थापिलें. आर्य आणि आंग्ल वैद्यक एकत्र नांदविण्याचा संकल्प त्या नांवांतच होता.

कर्णनाद हा अशा संकल्पाची परीक्षा पाहणारा रोग. नाद बहुधा अंतःकर्णांतील सूक्ष्म रोमपेशी क्षीण झाल्यानें उठतो, आणि तेल तर पडद्यापाशींच अडतें. मळ घट्ट बसून नाद होत असेल, तर मात्र तेलानें तो मऊ पडतो व रोग्यास खरोखर आराम वाटतो. घरगुती तेलाची कीर्ति टिकली ती बहुधा अशा रोग्यांमुळें. पडदा फाटला असल्यास तेंच तेल अपाय करतें. मळाचा विकार सुश्रुतानेंही कर्णगूथ म्हणून नादाहून निराळा सांगितला आहे. घरोघरच्या उपचारांत तेवढा भेद मात्र उरला नाहीं.