उरलेला पैसा कुणाचा?

दुकान असो, सूतगिरणी असो, नाहीतर साखरेचा कारखाना असो. सालअखेर सगळी देणी भागली की वहीच्या तळाशी एक रक्कम उरते. तिला आपण नफा म्हणतो. ही रक्कम कुणाची? ज्याने पैसा घातला त्याची, ज्याने अंग मोडून काम केले त्याची, की ज्याने माल विकत घेतला त्याची? प्रश्न साधा दिसतो. पण गेल्या दोन शतकांत कारखानदारीच्या जगात जी भांडणे झाली, त्यांतली बहुतेक याच एका ओळीभोवती फिरत आली आहेत. त्यांतले एक जुने प्रकरण आज पाहू. ते घडले दूर स्कॉटलंडात; पण त्याचा धागा आपल्या गावच्या सोसायटीपर्यंत येऊन पोचतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-स्कॉटलंडात सूत कातण्याची यंत्रे निघाली. ती पाण्याच्या जोरावर फिरत, म्हणून गिरण्या नदीकाठी उभ्या राहिल्या. यंत्र महाग, माणूस स्वस्त. आणि मूल तर त्याहून स्वस्त. तुटलेला धागा सांधायला लहान बोटे बरी पडतात, म्हणून सहा-सात वर्षांची पोरे कामाला लावीत. दिवसाचे तेरा-चौदा तास काम. यात काही वावगे आहे असे फारसे कुणाला वाटत नव्हते. मालक म्हणत, शेजारची गिरणी चौदा तास चालते, माझी दहा तास चालली तर मी बुडेन. म्हणजे एकेक माणूस वाईट होता असे नव्हे; चढाओढच अशी होती की, चांगले वागणे परवडत नाही असे प्रत्येकजण समजून चालला होता.

हा समज खोटा पाडणारा माणूस निघाला रॉबर्ट ओवेन. १७७१ साली वेल्समधल्या न्यूटाउन या लहानशा गावी तो जन्मला. बाप जीनगर. दहाव्या वर्षी पोरगा घर सोडून कापडदुकानात उमेदवारीला लागला, आणि विशी गाठता गाठता मँचेस्टरला पाचशे मजुरांच्या गिरणीचा व्यवस्थापक झाला. पुढे क्लाइड नदीच्या धबधब्यांजवळची न्यू लॅनार्कची गिरणी त्याने आणि त्याच्या भागीदारांनी डेव्हिड डेल नावाच्या गृहस्थाकडून साठ हजार पौंडांना घेतली. या डेलचीच मुलगी ओवेनने केली. १८०० सालच्या पहिल्या दिवशी त्याने गिरणीचा कारभार हाती घेतला.

तिथे त्याला काय दिसलं? सुमारे दोन हजार वस्ती. त्यांतली पाचशेच्या आसपास तर अनाथ, निराधार मुले. एडिंबरो, ग्लासगो अशा शहरांच्या धर्मशाळांतून आणलेली. डेल हा काही निर्दय माणूस नव्हता. मुलांना तो धड खाऊ-पिऊ घाली, रात्रीची शाळाही चालवी. पण दिवसभर उभे राहून थकलेले मूल रात्री काय शिकणार? मोठ्यांची तऱ्हा वेगळी. दारू, चोरी, भांडणे नित्याची. दुकानदार हलका माल चढ्या भावाने आणि उधारीवर देत. म्हणजे मजुरी हातात पडायच्या आधीच गहाण पडलेली. ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

ओवेनने उपदेश केला नाही. माणूस घडतो तो भोवतालच्या परिस्थितीने, ही त्याची पक्की श्रद्धा होती. म्हणून त्याने आधी परिस्थितीला हात घातला. धर्मशाळेतली मुले आणणे बंद केले. दहा वर्षांखालच्या मुलाला कामावर घेणे बंद केले. घरे सुधारली, रस्ते झाडायला लावले. स्वतःचे दुकान काढून त्यात चोख माल जवळजवळ खरेदीच्या भावाने विकला. त्यातून जे थोडे उरे ते शाळेकडे वळवले. आजारपणासाठी निधी काढला, आणि त्यात प्रत्येक मजूर आपल्या मजुरीचा साठावा हिस्सा टाकू लागला. कामाचे तासही हळूहळू उतरवीत साडेदहा-पावणेअकरावर आणले.

मारझोडीऐवजी त्याने एक युक्ती काढली. प्रत्येक मजुराजवळ चार बाजूंचा लाकडी ठोकळा टांगलेला असे. काळी, निळी, पिवळी आणि पांढरी अशा त्याच्या चार बाजू. आदल्या दिवशी काम जसे झाले असेल तशी बाजू पुढे. काळी म्हणजे वाईट, पांढरी म्हणजे उत्तम. त्याला मुका मुकादम म्हणायला हरकत नाही. शिवी नाही, दंड नाही. मालक नुसता पाहत पुढे जाई. मुकादमाने लावलेला रंग अन्यायाचा वाटला तर मजुराला मालकापुढे तक्रार करायची मोकळीक होती. तुम्ही म्हणाल, ही पण पाळतच की. आहेच. पण पाठीवरचा आसूड आणि डोळ्यांपुढचा रंग यांत अंतर आहे.

तरी मजुरांचा विश्वास बसेना. हा परमुलुखाचा मालक, गोड बोलून अधिक राबवून घ्यायला आला असेल, अशी शंका. ती फिटली एका संकटाने. १८०६-०७ च्या सुमारास अमेरिकेने इंग्लंडशी व्यापार थांबवला आणि कापूस महागला. अनेक मालकांनी गिरण्यांना कुलूप ठोकून मजुरांना वाऱ्यावर सोडले. ओवेननेही यंत्रे थांबवली. पण चार महिने यंत्रे नुसती पुसून-पासून नीट ठेवायची आणि मजुरी पूर्ण घ्यायची, असे त्याने मजुरांना सांगितले. सात हजारांवर पौंड त्यात गेले. पण त्या दिवसापासून गाव त्याचे झाले.

इथे भागीदारांची भुवई चढली. गिरणी नफ्यात होती. पण शाळा कशाला, नव्या इमारती कशाला, तो पैसा आमचा, असे त्यांचे म्हणणे. भागीदारी एकदा मोडली, पुन्हा जुळली, पुन्हा बिनसली. शेवटी १८१३ साली गिरणी लिलावात निघाली. ओवेनने दरम्यान नवे भागीदार गाठले होते. त्यांत प्रसिद्ध तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम होता आणि क्वेकर पंथाचा धर्मनिष्ठ औषध-व्यापारी विल्यम ॲलन होता. त्यांच्याशी ठरलेली अट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: भांडवलावर सालीना पाच टक्क्यांहून अधिक कुणी घ्यायचे नाही, उरेल ते मुलांच्या शिक्षणाला आणि मजुरांच्या भल्याला. एक लाख चौदा हजार एकशे पौंडांवर लिलाव ओवेनकडे थांबला. तो परत आला तेव्हा लोकांनी गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढीत त्याला गावात आणले.

१ जानेवारी १८१६ रोजी त्याने ज्या संस्थेचे दार उघडले ती आपल्या शिक्षकबंधूंनी विशेष ऐकण्याजोगी आहे. चालता येऊ लागलेल्या मुलापासून तिथे प्रवेश. लहानांच्या वर्गावर त्याने नेमला जेम्स ब्युकॅनन हा साधा हातमागावरचा विणकर; कारण त्याचे मुलांवर प्रेम होते आणि धीर दांडगा होता. सूचना दोनच: मुलाला मारायचे नाही, धाक घालायचा नाही, आणि सोबत्याला सुखी ठेव, हे प्रत्येकाला शिकवायचे. पाठांतराचा मारा नाही. भिंतींवर प्राण्यांची चित्रे, मोठे नकाशे, गाणे, नाच, उघड्या हवेत खेळ. संध्याकाळी त्याच इमारतीत मोठ्यांसाठी वर्ग आणि व्याख्याने. हे पाहायला देशोदेशीचे लोक लोटले. दहा वर्षांत वीस हजारांच्या आसपास पाहुण्यांनी तिथल्या वहीत नाव लिहिले. पुढे रशियाचा झार झालेला निकोलसही त्यांत होता.

आता दुसरी बाजू. दहा वर्षांवरची मुले तिथेही राबतच होती. गावाचे नियम ओवेन ठरवी. मजुरांना मत विचारण्याची रीत नव्हती. पुढे त्यानेच स्पष्ट म्हटले, की हे लोक माझ्या मर्जीवर जगणारे गुलामच होते. या कबुलीत सगळ्या गोष्टीचे मर्म आहे. मर्जी चांगली होती म्हणून गाव सुखी होते. पण मर्जी म्हणजे काही हक्क नव्हे. मर्जी बदलते, मालक बदलतो.

ओवेनलाही हे कळत होते. म्हणून १८१५ पासून तो कायद्यामागे लागला. १८१९ साली इंग्लंडात कापूसगिरण्यांचा कायदा झाला. नऊ वर्षांखालील मुलांना काम नाही. नऊ ते सोळा वयाच्यांना बारा तासांची मर्यादा. पण तपासायला निरीक्षकच नेमले नाहीत. ते आले १८३३ च्या कायद्याने. आपल्याकडे पहिला कारखाने कायदा झाला १८८१ साली. त्यापुढची मागणी मात्र कुणा मालकाने केली नाही. ती केली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी, मजुरांच्या सभा भरवून. आणि १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली.

तिकडे न्यू लॅनार्कमध्ये ॲलनचे ओवेनशी बिनसले. मुलांनी नाचावे-गावे हे त्याला रुचेना, धर्मशिक्षणाचाही वाद होता. १८२५ च्या सुमारास ओवेनने कारभार सोडला आणि अमेरिकेत इंडियाना प्रांतात न्यू हार्मनी नावाची, सगळे काही सामाईक असलेली वसाहत मांडली. ती दोन-तीन वर्षांत मोडली, आणि त्याची बहुतेक संपत्ती त्यात गेली. १८५८ साली तो जन्मगावी वारला. मग काय, सगळं फुकट गेलं?

नाही. बी दुसऱ्याच वाफ्यात उगवले. इंग्लंडात रॉचडेल नावाचे विणकरांचे गाव आहे. तिथले काही लोक ओवेनच्या विचाराचे होते. पण ओवेनसारखा धनवान मालक त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी आठवड्याला दोन-दोन पेन्स बाजूला टाकून अठ्ठावीस पौंड जमवले, आणि २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी टोड लेन या गल्लीत दुकान उघडले. माल किती? थोडे पीठ, थोडे लोणी, साखर, ओटचे भरड पीठ आणि मेणबत्त्या. गल्लीतली पोरे टिंगल करायला जमली म्हणे. पण या लोकांनी नियम लिहून काढले. माल चोख, माप पुरे. उधारी बंद. भांडवलावर ठरीव व्याज, त्याहून अधिक नाही. उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. पैसा कितीही असो, माणशी मत एकच, बाईलाही तेच. आणि नफ्यातला अडीच टक्के भाग शिक्षणाकडे, असे पुढे ठरले.

पहा बरे फरक. ओवेनचा पाच टक्क्यांचा बांध इथेही आहे, शाळेचा हिस्सा इथेही आहे. पण ती एका भल्या माणसाची इच्छा राहिली नाही. सभासदांनी हात वर करून मान्य केलेला नियम झाली. म्हणून न्यू लॅनार्क पाहण्याची जागा झाली, तिला २००१ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. आणि रॉचडेलचा नियम जगभर वापरात गेला.

तो आपल्याकडेही आला. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. खते जाळून कर्जाचे दुखणे जात नाही, हे पुढे सरकारच्याही ध्यानी आले, आणि १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. ऊस पिकवणारा तोच मालक, ही कल्पना त्या विणकरांच्या दुकानाचीच सख्खी बहीण.

आता मोठ्या कंपन्यांनाही २०१३ च्या कायद्याने नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले आहे. चांगले आहे. पण न्यू लॅनार्कने विचारलेला प्रश्न त्याहून खोल होता. नफा झाल्यावर किती वाटला, एवढेच पाहून भागत नाही. तो कमावताना माप पुरे होते का, मूल शाळेत होते का, मजुराला दिवस मावळायच्या आत घर गाठता आले का, हेही पाहायचे असते.

आणि एक गोष्ट सांगून थांबतो. नियम लिहिला म्हणजे काम झाले, असेही नाही. माणशी एक मत आहे. पण सालाच्या सभेला कुणी जातच नसेल, अहवाल न वाचताच मंजूर होत असेल, तर सहकारी संस्थेतही पुन्हा कुणा एकाची मर्जीच चालते. भला मालक नियमावाचून टिकला नाही. आणि नियमही भल्या, जाग्या सभासदावाचून टिकत नाही. आपल्या सोसायटीचे पोटनियम छापील असतात. शिक्षकांनी ते एखाद्या संध्याकाळी चावडीवर वाचून दाखवावेत, आणि नफावाटणीचे कलम दोनदा वाचावे. उरलेला पैसा कुणाचा, याचे उत्तर तिथे लिहिलेले असते. तसे घडते की नाही, हे विचारायचे काम मात्र आपले.