काटा, खिशातला रिमोट आणि हवेतली किल्ली

'काटा मारला' हे शब्द आपल्या वाशिम जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. पूर्वी तराजूच्या दांडीत, वजनाच्या मापात खोट असायची. इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा वाटलं, आकडा लाल अक्षरात समोर दिसतोय, आता कोण फसवणार? पण विदर्भ-मराठवाड्यात ठिकठिकाणी शेतकऱ्यांनीच खरेदीचे असे काटे पकडले, ज्यांच्या पोटात चिप होती आणि कुणाच्या तरी खिशात छोटा रिमोट. बटण दाबलं की वजन कमी. ५० किलोच्या कट्ट्यामागे एकच किलो धरा. ४० कट्टे सोयाबीन मोजलं तर ४० किलो गेलं. २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावानं ते होतात १,९५७ रुपये. काट्याला हात लावताना कुणी दिसत नाही, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी?

या रिमोटची गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि तिची सुरुवात आपल्याच देशात सापडते. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली. १८९८ मध्ये निकोला टेस्लानं न्यूयॉर्कला पाण्याच्या हौदात छोटी बोट अशीच दुरून चालवून दाखवली. लोक थक्क झाले. पण त्या घंटेला 'हुकूम कुणाचा?' हे विचारता येत नव्हतं. लहर आली की ती वाजणार. खरी अडचण इथंच आहे, आणि ती अजून पुरती सुटलेली नाही.

पुढं अमेरिकेत गॅरेजच्या दारांना रिमोट आले, तर एकाच्या बटणानं शेजाऱ्याचंही दार उघडायला लागलं. मग रिमोटच्या आत बारीक स्विच आले. आठ स्विच म्हणजे फक्त २५६ जोड्या. त्यानंतर चिपमध्येच नंबर कोरलेला यायला लागला. ईव्ही १५२७ नावाची चिप आजही स्वस्त रिमोटांमध्ये सर्रास असते. तिच्यात दहा लाखांवर वेगवेगळे नंबर बसतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण नंबर ओळखत बसायची गरजच काय? तो प्रत्येक वेळी तोच असतो आणि हवेत उघड बोलला जातो, बहुतेक वेळा ४३३ मेगाहर्ट्झवर. एकदा टेप करा, पाहिजे तेव्हा वाजवा. घरमालकाच्या आवाजाची टेप ऐकून कुलूप उघडावं, तसला प्रकार.

याचा दणका एका अख्ख्या शहराला बसला. ७ एप्रिल २०१७ ला रात्री पावणेबाराच्या सुमारास अमेरिकेतल्या डॅलसमध्ये वादळाचा इशारा देणारे सगळे १५६ भोंगे एकदम सुरू झाले आणि दीड तासाहून जास्त वाजत-थांबत राहिले. वादळ नव्हतंच. शहरानं नंतर सांगितलं की कुणी संगणकात घुसलं नव्हतं, घात रेडिओ सिग्नलनं झाला. २०२२ मध्ये होंडा सिव्हिकच्या २०१६ ते २०२० च्या काही गाड्यांबद्दलही हेच उघड झालं: किल्लीचा सिग्नल टेप करून परत सोडला की दार उघडतं.

गंमत म्हणजे यावरचं औषध जुनं आहे. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत 'कीलॉक' नावाची पद्धत निघाली आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप या अमेरिकन कंपनीनं ती विकत घेतली. याला रोलिंग कोड म्हणतात. पावती पुस्तकासारखं समजा. दर वेळी पुढचा नंबर, तोही गुप्त किल्लीनं गुंडाळलेला. वापरलेली पावती परत आणली तर यंत्र घेत नाही. हेही अभेद्य नाही. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी कीलॉक फोडून दाखवलं. पण नुसत्या टेपरेकॉर्डरवाल्याला तरी त्यानं अडवलं.

२०२० मध्ये 'फ्लिपर झिरो' नावाच्या तळहातावर मावणाऱ्या यंत्राची घोषणा झाली. सिग्नल ऐकायचा, साठवायचा, परत सोडायचा. त्याआधी या कामाला थोडंफार शिक्षण लागायचं, आता बटणं कळली की झालं. कॅनडा सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये कारचोरीचं कारण देऊन त्यावर बंदी घालायची घोषणा केली आणि पुढं ती बरीच मवाळ केली. कारण रोलिंग कोडच्या नव्या गाडीपुढं ते यंत्र फारसं चालत नाही. माझं मत विचाराल तर टेपरेकॉर्डरवर बंदी घालून उपयोग नाही, कुलूप विकणाऱ्याला जाब विचारा.

आपल्याकडं मात्र रिमोटचा गैरवापर वेगळ्याच वाटेनं गेला. इथं रिमोट चोरावा लागत नाही, तो यंत्राच्या मालकाकडंच असतो! एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या एसटीएफनं लखनौतल्या पेट्रोल पंपांवर रिमोटनं चालणाऱ्या चिप पकडल्या. त्याच पावसाळ्यात ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेनं राज्यभर पंप तपासले, तेव्हा पल्सर आणि मदरबोर्डमध्येच फेरफार सापडले. महावितरणनंही रिमोटनं बंद होणारे वीजमीटर पकडले आहेत.

आता पुन्हा काट्याकडं येतो. वैधमापन शास्त्र विभागाचा निरीक्षक प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासतो. तेव्हा रिमोट खिशात गप्प असतो. काटा बरोबर निघतो, शिक्का बसतो. पण गप्प बसून रिमोटला चोरी करता येत नाही. बटण दाबलं की तो हवेत ओरडतो, आणि ते ओरडणं टेप करता येतं. सोयाबीन मोजताना मार्केट यार्डात किंवा गावच्या खरेदीत सिग्नल ऐकणारं यंत्र घेऊन साध्या कपड्यातला माणूस उभा राहिला, प्रत्येक कट्ट्याला तोच सिग्नल आला, आणि पंचांसमोर काट्यावर प्रमाणित वजन ठेवून तो परत सोडल्यावर आकडा खाली आला, तर आणखी कसला पुरावा पाहिजे? असल्या काट्यात बहुधा स्वस्तातलाच न बदलणारा कोड असणार, म्हणून हे जमावं. पण हे काम खात्यानंच करायचं, तरुण पोरांनी हौसेनं नाही. दुसऱ्याच्या यंत्रावर सिग्नल सोडणं अंगाशी येऊ शकतं. बाजार समितीच्या संचालकांनी ही मागणी विभागाकडं लेखी करावी, पोस्ट त्यांच्यापर्यंत पोहोचवा.

आणि ज्यांच्या दुकानाच्या शटरला, फाटकाला किंवा विहिरीवरच्या मोटारीला रिमोट आहे, त्यांच्यासाठी एक सोपी परीक्षा. डुप्लिकेट रिमोट बनवणाऱ्याकडं जा. त्यानं दोन रिमोट जवळ धरून, बटणं दाबून, शटरजवळ न येता दोन मिनिटांत दुसरा तयार करून दिला, आणि दोन्ही रिमोट आलटून पालटून चालत राहिले, तर तुमचा कोड बदलत नाही असं समजा.