स्लॉट नसलेल्या डब्यातली कार्डं

१९७७ साली आलेल्या ॲपल टूचं झाकण उघडायला स्क्रू ड्रायव्हर लागत नसे. मागची कड धरून वर ओढली की ते निघायचं आणि आत आठ स्लॉट ओळीने उभे दिसायचे. स्टीव्ह जॉब्सच्या मते दोन पुरेसे होते, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला. स्टीव्ह वॉझ्नियाक आठांवर अडून बसला. पुढे फ्लॉपीच्या कंट्रोलरपासून मायक्रोसॉफ्टच्या झेड-८० कार्डापर्यंत सगळं त्याच स्लॉटांत बसलं. रीतही सोपी होती: मशीन बंद करायचं, पॉवर सप्लायच्या धातूच्या पेटीला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची आणि कार्ड सरळ खाली दाबायचं.

मॅकिंटॉशच्या वेळी वारं फिरलं. प्रकल्प सुरू करणारा जेफ रस्किन स्लॉटच्या विरोधात होता आणि पुढे सूत्रं हाती घेतलेल्या जॉब्सचंही तेच मत. बोर्ड आखणाऱ्या बरेल स्मिथने 'तपासणीचं पोर्ट' या नावाखाली विस्ताराची वाट ठेवून पाहिली, पण ती चलाखी पकडली गेली. १९८४ साली मॅक बाजारात आला तो एकाही स्लॉटशिवाय. वरचे दोन स्क्रू मुठीच्या पोकळीत इतके खोल की वीतभर दांड्याचा टॉर्क्स ड्रायव्हर नसेल तर डबा उघडणंच नको.

आणि डबा उघडला, की समोर पिक्चर ट्यूब. तिच्यावर दहा हजारांहून जास्त व्होल्ट चढतात आणि मशीन बंद केल्यावरही काही काळ टिकून राहतात. टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांना हे पाठ असतं: ड्रायव्हरला अर्थची वायर लावायची, एक हात पाठीमागे ठेवायचा आणि ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली टोक सरकवून ती डिस्चार्ज करायची. ट्यूबची मान तर त्याहून नाजूक. तिच्यावरची छोटी पाटी तिरकी ओढली तर काच तडकते, हवा आत शिरते आणि पडदा कायमचा गेला.

तरी लोक शिरलेच. १९८५ साली जनरल कॉम्प्युटर कंपनीने 'हायपरड्राइव्ह' ही १० मेगाबाइटची हार्ड डिस्क थेट मॅकच्या पोटात बसवली. स्लॉट नाही म्हटल्यावर तिची जोडणी चक्क ६८००० प्रोसेसरवर चिमट्यासारखी बसत असे. स्लॉटबंदीने ग्राहक काही सुरक्षित झाला नाही. उलट चिमटा घट्ट बसला की नाही, याची चिंता तेवढी वाढली.

जॉब्स १९८५च्या सप्टेंबरमध्ये ॲपलमधून बाहेर पडला. मार्च १९८७मध्ये त्याच ठेवणीचा मॅक एसई आला तो पंखा आणि एक स्लॉट घेऊन. 'प्रोसेसर डायरेक्ट स्लॉट' नावाप्रमाणेच थेट प्रोसेसरच्या तारांना जोडलेला होता, आणि कार्डाचं पोर्ट बाहेर काढायला मागच्या बाजूला जागाही राखली होती. थेट जोडणीची किंमत दोन वर्षांत कळली: एसईचा कनेक्टर ९६ पिनांचा, १९८९च्या एसई/३०चा १२० पिनांचा, त्यामुळे जुनं कार्ड नव्या मशीनला निरुपयोगी. ट्यूब मात्र दोन्हींत तशीच होती, त्यामुळे कार्ड घालण्याआधी डिस्चार्जचा सोपस्कार सुटला नाही.